स्ट्रीक प्लेटवर कस चुकीचा येत असेल तर: आधी पाटी तपासा, मग खनिज

आमच्या प्रयोगशाळेच्या पेटीत गोव्याच्या लोहखनिज पट्ट्यातला एक जड तुकडा आहे. रंग पोलादी करडा, चमक धातूची, आणि कडेला नख लावले तर अभ्रकासारखे बारीक पापुद्रे सुटतात. हा हेमॅटाइट आहे. एका प्रात्यक्षिकात त्याच्या टेबलावर चार विद्यार्थी बसले होते आणि त्यांतल्या तिघांनी कस, म्हणजे पाटीवर घासून उमटणाऱ्या पुडीचा रंग, 'काळा' असे लिहून मॅग्नेटाइट (चुंबकाला चिकटणारे लोहखनिज) म्हणून वही मिटली. चौथीने आधी 'काळपट लाल' लिहिले होते. बाकीच्यांचे पाहून तिने ते खोडले. टेबलावरचा चुंबक त्या तुकड्याला कुणी लावून पाहिलाच नव्हता. लावला असता तर तो तुकडा मॅग्नेटाइट नाही हे लगेच कळले असते, कारण चुंबक त्याला धरत नव्हता.

मी त्यांची स्ट्रीक प्लेट, म्हणजे कस घेण्याची पोर्सेलीनची पाटी, खिडकीपाशी नेली आणि तिरपी धरली. वरून पांढरी दिसणाऱ्या त्या पाटीच्या मध्यभागी रुपयाएवढा फिकट राखी डाग होता. ओले बोट त्यावर घासले तेव्हा बोटाच्या रेषांमध्ये काळे भरले. त्या टेबलावर हेमॅटाइटच्या आधी पायरोल्युसाइट हे मँगनीजचे काळे खनिज फिरून गेले होते आणि पाटी कोरड्या कापडाने नुसती पुसली होती. हेमॅटाइटची लाल पूड त्या मँगनीजच्या काजळीत मिसळत होती आणि विद्यार्थी त्या मिश्रणाचा रंग प्रामाणिकपणे लिहीत होते. चूक त्यांच्या डोळ्यांची नव्हती.

ही अडचण दर वर्षी वेगवेगळ्या रूपांत परत येते. कधी सगळ्याच खनिजांचा कस तांबूस येतो, कधी सगळ्यांचा पांढरा, कधी एकाच तुकड्याचा कस सकाळी एक आणि दुपारी दुसरा. अशा वेळी आपण खनिजावर किंवा विद्यार्थ्यावर संशय घेतो. माझा अनुभव असा आहे की दहापैकी बहुतेक वेळा दोष पाटीत किंवा पाटी वापरण्याच्या पद्धतीत असतो, आणि तो शोधायला पाच मिनिटे पुरतात.

कस म्हणजे खनिजाच्या बारीक चूर्णाचा रंग. अखंड तुकड्याचा रंग कणांचा आकार, पृष्ठभागाची चमक, गंज आणि अशुद्धी यांनी बदलतो. चूर्णाचा रंग त्या मानाने स्थिर राहतो. हेमॅटाइट करडा, काळा किंवा मातकट लाल कसाही दिसला तरी त्याची पूड लालच असते, कारण कण पुरेसे बारीक झाले की प्रकाश त्यांच्या आरपार जाऊ लागतो आणि खनिजाचा खरा रंग दिसतो. ही पूड काढण्यासाठी खरखरीत, पांढरा आणि खनिजापेक्षा कठीण पृष्ठभाग लागतो. झिलई नसलेल्या पोर्सेलीनमध्ये हे तिन्ही गुण आहेत. त्याची कठिनता मोहस् मापावर (खनिजांच्या कठिनतेचे १ ते १० असे माप) साधारण ६.५ ते ७ असते. या तीन गुणांपैकी एखादा बिघडला की कस फसवतो, आणि पुढच्या जवळजवळ सगळ्या अडचणी त्यातूनच येतात.

म्हणून पहिली पायरी अशी: अनोळखी खनिजाचा कस शंकास्पद वाटला तर त्याच पाटीवर, त्याच जागेशेजारी, एखाद्या ओळखीच्या खनिजाची रेघ ओढा. आम्ही यासाठी हेमॅटाइटचा एक खात्रीचा तुकडा आणि गॅलेनाचा (शिशाचे खनिज) एक तुकडा वेगळ्या डबीत ठेवतो. हेमॅटाइटने तांबूस लाल आणि गॅलेनाने शिशासारखी करडी रेघ दिली तर पाटी ठीक आहे आणि शोध खनिजाकडे वळवावा. हेमॅटाइटच तपकिरी किंवा काळपट उमटला तर अनोळखी खनिजाबद्दल त्या दिवशी काहीही लिहू नये. आधी पाटी धुवावी.

सराफ नेमके हेच करतो. कसोटीच्या काळ्या दगडावर तो दागिन्याची रेघ ओढतो आणि शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढतो. मग दोन्हींवर आम्ल लावून कोणती किती टिकते ते पाहतो. एकट्या रेघेवरून तो भाव सांगत नाही. 'कस' हा शब्द आपल्याकडे खनिजशास्त्रात आला त्याच्या कितीतरी आधीपासून सराफकट्ट्यावर आहे आणि शेजारी रेघ ओढून तुलना करण्याची ही शिस्तही तिथलीच आहे. आपण शब्द घेतला आणि शिस्त मागे ठेवली, याची मला खरोखर खंत वाटते.

सगळ्यांत जास्त घोळ 'कस पांढरा' या नोंदीत होतो. गार्नेट, गारगोटी, बेरिल, कुरुंद अशी कठीण खनिजे पाटीवर जोर लावून घासली की खरोखर पांढरी रेघ उमटते, आणि विद्यार्थी समाधानाने 'पांढरा' लिहितो. ती पूड खनिजाची नसून पाटीची असते. गारगोटीची कठिनता ७, बेरिलची ७.५ ते ८, कुरुंदाची ९. यांपुढे पोर्सेलीनच झिजते. ओळखण्याची रीत सोपी आहे. रेघेवरची पूड ओल्या बोटाने पूर्ण पुसा आणि त्या जागेवरून नख आडवे फिरवा. नख अडकले, म्हणजे तिथे चर पडला आहे. पाटी कापली गेली. मग दहापट भिंगाखाली खनिजाचे टोक पाहा. टोक जसेच्या तसे धारदार असेल आणि त्यावर पांढरी भुकटी नुसती चिकटलेली असेल, तर कसाच्या रकान्यात 'पाटीपेक्षा कठीण, कस मिळत नाही' असे लिहावे. ही नोंद अपयशाची नाही; खनिजाची कठिनता पाटीपेक्षा जास्त आहे, ही माहिती ओळखीला पुष्कळदा कसापेक्षाही उपयोगी पडते.

इतक्या कठीण खनिजाच्या चूर्णाचा रंग पाहायचाच असेल तर त्याची लहान ढलपी लोखंडी खलात कुटून पूड पांढऱ्या कागदावर पसरावी. पण बहुतेक सिलिकेट खनिजांची पूड पांढरी किंवा फिकटच निघते, त्यामुळे या खटाटोपातून ओळख फारशी पुढे सरकत नाही. कस ही धातूसारखी चमक असणाऱ्या आणि गडद रंगाच्या खनिजांची परीक्षा आहे. ऑक्साइड आणि सल्फाइड खनिजांच्या बाबतीत ती सर्वाधिक बोलते.

कायनाइट इथे एक वेगळा धडा देतो. भंडारा जिल्ह्यातल्या कायनाइटच्या निळसर, लांबट पट्ट्या आमच्याकडे आहेत. त्यांची कठिनता लांबीच्या दिशेने ४.५ ते ५.५ आणि आडव्या दिशेने ६.५ ते ७ भरते. एका विद्यार्थ्याला सहज पूड मिळते आणि दुसऱ्याच्या हातून पाटीला ओरखडा जातो, आणि दोघेही बरोबर असतात. असा वाद झाला तर तुकडा कोणत्या दिशेने घासला हे आधी विचारावे.

आता पृष्ठभागाकडे. कोकणातून, विशेषतः जांभ्याच्या पट्ट्यातून उचललेल्या जवळजवळ प्रत्येक दगडाचा कस पिवळट तपकिरी येतो, कारण त्याच्यावर लिमोनाइटचे, म्हणजे गंजासारख्या लोहखनिजाचे, पातळ पुट चढलेले असते. आपण त्या पुटाचा कस घेतो आणि आतल्या खनिजाचे नाव लिहितो. सिंधुदुर्गातल्या रेडीच्या बाजूचा एक तुकडा आमच्याकडे बरीच वर्षे लिमोनाइट म्हणून नोंदलेला होता. हातोडीने कोपरा उडवला तेव्हा आत करडा हेमॅटाइट निघाला आणि ताज्या कडेची रेघ लाल आली. म्हणून कस नेहमी ताज्या फुटलेल्या भागाचा घ्यावा. संग्रहातला तुकडा फोडायचा नसेल तर मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला चाकूच्या टोकाने पुट खरवडून घ्यावे आणि तेवढाच भाग घासावा.

संग्राहकांना इथे एक आग्रहाची विनंती आहे. वाघोलीचा निळा कॅव्हनसाइट किंवा जळगाव-नाशिककडचे ॲपोफिलाइट आणि स्टिल्बाइट यांचे स्फटिक पाटीवर घासू नका. झिओलाइट आणि त्यांच्यासोबत सापडणाऱ्या या खनिजांचा कस बहुतांशी पांढरा असतो. त्यातून ओळख होत नाही आणि स्फटिकाचे टोक मात्र कायमचे जाते. पाहायचेच असेल तर पेटीच्या तळाशी पडलेली चूर वापरावी.

कस बरोबर उमटूनही वाचताना चूक होते, आणि या चुकीवर मला थोडे थांबायचे आहे, कारण काळ्या कसांच्या खनिजांत सगळी गंमत छटांची असते. क्रोमाइट, मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट ही तिन्ही हातात घेतल्यावर काळी आणि जड. जोर लावून जाड रेघ ओढली तर तिघांच्याही रेघा काळ्या वाटतात. तीच रेघ बोटाने किंवा टिपकागदाच्या तुकड्याने पसरवून पातळ केली की क्रोमाइटचा गडद तपकिरी रंग उघडा पडतो आणि मॅग्नेटाइट काळाच राहतो. कणकवलीच्या क्रोमाइटची पाटीवरची जाड रेघ आणि तीच पसरवल्यानंतरची रेघ शेजारी ठेवून पाहिली तर हा फरक पुन्हा विसरला जात नाही. नागपूर-भंडारा पट्ट्यातल्या मँगनीज खनिजांनाही हेच लागू आहे: पायरोल्युसाइटची पातळ रेघ काळी राहते, तर ब्राउनाइट आणि सिलोमिलेन यांची रेघ तपकिरी छटा दाखवते. जाड रेघ दोघांनाही एकाच रांगेत बसवते.

म्हणजे जोर कमी, रेघ लहान. पाटी हातात न धरता टेबलावर सपाट ठेवावी, खनिज पेन्सिलीसारखे धरावे आणि एक-दोन सेंटिमीटर हलकेच ओढावे. सोन्यासारखा पिवळा दिसणारा पायराइट मात्र पाटीच्या कठिनतेच्या जवळ, ६ ते ६.५ असल्याने त्याला थोडा जास्त दाब द्यावा लागतो. त्याचा कस हिरवट काळा येतो आणि ही हिरवट छटा पिवळ्या दिव्याखाली साफ नाहीशी होते. कस खिडकीच्या उजेडात पाहावा. संध्याकाळच्या तुकडीला आम्ही पांढऱ्या प्रकाशाचा दिवा देतो. चाल्कोपायराइटचा कसही हिरवट काळाच असतो, त्यामुळे या दोघांना कसाने वेगळे करण्याचा प्रयत्न करू नये. चाल्कोपायराइटची कठिनता ३.५ ते ४ असल्याने त्याला चाकूने सहज ओरखडा पडतो, पायराइटला पडत नाही. तिथे वाद संपतो. सोन्याची रेघ मात्र सोनेरी पिवळीच येते, पूड काळी पडत नाही.

वाळूचे काय करायचे, हा प्रश्न रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू आणणारे विद्यार्थी हमखास विचारतात. दाणा हातात धरून घासता येत नाही. अशा वेळी चुंबकाने मॅग्नेटाइटचे दाणे आधी बाजूला काढावेत, उरलेल्यांतले चार-पाच काळे दाणे पाटीवर ठेवून फुटक्या पाटीच्या दुसऱ्या तुकड्याने दाबून रगडावेत आणि पूड भिंगाखाली पाहावी. त्या काळ्या दाण्यांत बहुधा इल्मेनाइट असते. पाटीचे तुकडे टाकून देऊ नयेत ते एवढ्यासाठीच.

पाटी धुण्याबद्दल स्पष्ट लिहिणे गरजेचे आहे, कारण इथे चूक झाली तर ती केवळ वहीत राहत नाही. साधी पूड साबणाच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने जाते. न गेल्यास भांडी घासायची पावडर वापरावी. त्यानेही न निघणारा डाग असेल किंवा पाटी वापरून वापरून गुळगुळीत झाली असेल, तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा वॉटर पेपर पाण्यात भिजवून गोल-गोल घासावा. साधारण २२० नंबरचा पेपर डागाचा थर आणि झिलईसारखी आलेली तकाकी दोन्ही काढतो आणि खरखरीतपणा परत आणतो. गुळगुळीत पाटीवर मऊ खनिजेही नीट उमटत नाहीत, हे लक्षात आले नाही तर आपण खनिजालाच कठीण ठरवून बसतो. नंतर पाटी पूर्ण वाळवावी. ओल्या पाटीवर पुडीचा चिखल होतो आणि प्रत्येक रंग एक पायरी गडद दिसतो. बोटांचे तेल लागलेल्या जागीही हेच होते, म्हणून पाटी कडेने धरावी.

आम्लाने पाटी धुण्याची कल्पना पुष्कळांना सुचते आणि लोहाचे जुने डाग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने फिके होतातही. पण मँगनीजने काळ्या झालेल्या पाटीवर हे आम्ल कधीही ओतू नये. मँगनीज डायऑक्साइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या अभिक्रियेतून क्लोरीन वायू निघतो. गॅलेना किंवा स्फॅलेराइटची (जस्ताचे खनिज) पूड असेल तर हायड्रोजन सल्फाइड निघतो. स्फॅलेराइटच्या रेघेवर आम्लाचा एक थेंब टाकून सडक्या अंड्याचा वास घेणे ही ओळखीची जुनी परीक्षा आहे आणि ती एका थेंबापुरती, खिडकी उघडी ठेवून, शिक्षकांसमोरच करावी. पाटीवरचा डाग कोणत्या खनिजाचा हे माहीत नसेल तर आम्लाचा विचारच करू नये, वॉटर पेपर पुरतो.

तसेच रेघेवरची पूड फुंकरीने उडवण्याची सवय आजच सोडा. हिंगुळात पारा, गॅलेनात शिसे आणि हरताळ व मनशीळ यांत आर्सेनिक असते. पूड ओल्या टिपकागदाने टिपून कागद पिशवीत टाकावा आणि जेवणाचा डबा उघडण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.

ज्यांच्याकडे पाटीच नाही त्यांच्या अडचणी वेगळ्या असतात. घरातली फरशी किंवा टाइल उलटी करून वापरण्याचा सल्ला सगळीकडे दिला जातो, पण भिंतीच्या पुष्कळ टाइलांची मागची बाजू विटेसारख्या लालसर मातीची असते. तिच्यावर प्रत्येक कठीण खनिज 'तांबूस कस' देते आणि घरोघरी हेमॅटाइट सापडू लागतो. मागची बाजू शुद्ध पांढरी असेल तरच ती टाइल घ्यावी आणि आधी काचेच्या तुकड्याने घासून तिची पूड कोणत्या रंगाची निघते ते पाहावे. चिनीमातीच्या कपाच्या बुडाची कड, जिथे झिलई नसते आणि बोटाला खरखरीत लागते, ती लहान रेघेसाठी उत्तम आहे. लोणच्याच्या जुन्या बरणीच्या बुडालाही अशी कड असते, पण ती बहुधा मळकट पिवळसर असते, म्हणून फिकट कसांसाठी ती वापरू नये. आणि विकतच्या पाटीची एक बाजू झिलईची असेल तर आपण कोणती बाजू वापरत आहोत ते बोट फिरवून पाहावे. हे सांगण्याची गरज पडू नये असे वाटते, तरी दर वर्षी एखादे टेबल तकाकीच्या बाजूवर घासत बसलेले आढळतेच.

आता आमच्याकडे तीन पाट्या वेगळ्या ठेवलेल्या आहेत आणि त्यांच्या मागे पेन्सिलीने लिहिले आहे: एक मँगनीज व ग्रॅफाइटसाठी, एक लोहखनिजांसाठी, एक बाकी सगळ्यांसाठी. काळी पाटीही एक आहे. कॅल्साइट, जिप्सम अशा खनिजांची पांढरी पूड निघते की नाही एवढे तिच्यावर दिसते.

पाटी स्वच्छ, उजेड चांगला, पृष्ठभाग ताजा, शेजारची ओळखीची रेघ बरोबर, आणि तरीही कस पुस्तकाशी जुळत नाही, असे झाले तर तुकड्यात दोन खनिजे आहेत का ते पाहावे. लोहखनिजांत हे वारंवार घडते. पट्टेदार हेमॅटाइट-क्वार्ट्झाइटमध्ये हेमॅटाइटचे आणि गारगोटीचे पट्टे एकाआड एक असतात, त्यामुळे एकाच ओढीत रेघ अर्धी लाल आणि अर्धी नुसता ओरखडा अशी निघते. मॅग्नेटाइटचे रूपांतर होऊन हेमॅटाइट बनला की त्याला मार्टाइट म्हणतात. बाहेरचा आकार मॅग्नेटाइटचा अष्टफलकच राहतो, पण पूड लाल येते, आणि आत मॅग्नेटाइट शिल्लक असेल तर चुंबकही थोडासा धरतो. सुरुवातीला सांगितलेल्या प्रात्यक्षिकाच्या वर्षी पेटीतल्या अशाच एका तुकड्याचा कस 'लालसर काळा' येत होता आणि तीन वेळा पाटी धुऊनही तो बदलला नाही. शेवटी तुकडा फोडला. कडेचा सुमारे तीन मिलिमीटरचा थर घासला तेव्हा रेघ लाल आली, मधला काळा भाग घासला तेव्हा काळी, आणि चुंबक मधल्या भागालाच चिकटला. हेमॅटाइटच्या टेबलावरची ती चौथी विद्यार्थिनी या टेबलावरही होती. तिने दोन्ही रेघा वहीत शेजारी शेजारी रंगवल्या आणि या वेळी काहीही खोडले नाही.